कोरड्या तोंडाचे डोहाळे

लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, त्यामुळे मला दिवस गेल्याची बातमी आळीत पसरायला एक सकाळ पुरली. मुरुडला नारळ-पोफळींच्या वाडीत आमचं घर आहे. पुढच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, मागच्या भागात आम्ही राहतो: नवरा, सासूबाई आणि मी. मी हायस्कुलात इतिहास शिकवते, नवरा वाडी आणि पर्यटक सांभाळतो, आणि सासूबाई आम्हा सगळ्यांना सांभाळतात. निदान त्यांचं तसं मत आहे.

माझं तोंड त्याच्या कितीतरी आधीपासून कोरडं पडत होतं. वर्गात बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची आणि पेशवे अर्ध्या वाटेत अडकायचे. बिस्किट तोंडात घेतलं की पिठासारखं फिरत राहायचं, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय उतरायचं नाही. डोळ्यांत रेती गेल्यासारखं सतत खुपायचं, पण समुद्राकाठचं माणूस डोळ्यांत रेती गेली म्हणून डॉक्टरकडे जात नाही. आदल्या वर्षी कानांखाली दोन्ही बाजूंनी सूज आली होती. ते गालगुंड, असं सासूबाईंनी ठरवलं आणि लेप लावला. मला लहानपणी गालगुंड होऊन गेलंय, ते सहसा परत होत नाही, असं मी म्हणून पाहिलं.

"लोकांना येकदा होतं, तुला दोनदा झालं," त्या म्हणाल्या. "त्यात काय येवढं?"

आळीतल्या बायकांचं निदान वेगळं होतं. पोफळीच्या वाडीत पडलेली सून, चोरून सुपारी खात असणार, नाहीतर मास्तरणीचं तोंड कशाला सुकेल? मला याचा फार राग यायचा, कारण घरात सुपारीचे ढीग असूनही मी आयुष्यात कधी खांड तोंडात टाकलेलं नाही.

मग दिवस गेले आणि या सगळ्याला एकच छान नाव मिळालं. डोहाळे! पाण्याची बाटली हातातून सुटत नाही, डोहाळे. भात पातळ कालवूनच हवा, डोहाळे. आंबट खाल्लं की तोंडात थेंबभर का होईना पाणी सुटायचं, म्हणून मी आंबटावर तुटून पडले, तर मग शंकाच उरली नाही. आंबटाने मुलगा होतो की मुलगी यावर आळीत दोन पक्ष पडले. शेजारून बिंबलं आली, मिठातल्या कैऱ्या आल्या. दारावर येणाऱ्या मासेवालीने पाटीच्या कोपऱ्यातून अंबाडे आणून दिले. सासूबाईंनी आमसुलांची बरणीच माझ्या उशाशी ठेवली. इतक्या वर्षांनी घरात कुणाचे तरी डोहाळे पुरवायला मिळत होते, त्यांचा आनंद मला मोडवेना. मी दिवसभर आमसूल चघळत बसायचे. लाळ असलेल्या तोंडाला हे चालून जातं. माझ्या तोंडात ते आंबट धुऊन काढायला काहीच नव्हतं, पण हे तेव्हा कुणाला माहीत असणार?

एका दुपारी जेवताना दात हिरडीपाशी तुटला आणि भाकरीच्या घासातून बाहेर आला. दुखलं काहीच नाही. त्यामुळेच मी जास्त घाबरले.

अलिबागच्या डेंटिस्टने छोटा आरसा गालाच्या आतून फिरवला आणि तो चिकटला. त्याने तो हलक्या हाताने सोडवला, दुसऱ्या गालाला लावला. तिथेही चिकटला. मग तो स्टूल मागे सरकवून बसला.

"तंबाखू?"

"नाही."

"सुपारी?"

"वाडी आहे. खात नाही."

"तोंडाला लाळ सुटते का तुमच्या?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला शेवटचं तोंडाला पाणी कधी सुटलं होतं ते आठवेना. चांगल्या तळलेल्या माशाच्या वासानेसुद्धा नाही. त्याने कितवा महिना ते विचारलं, मी सांगितलं. त्याने रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाला, "हे घेऊन मुंबईला दाखवा. लवकर दाखवा. दातांचं नंतर बघू."

दातांचं नंतर बघू, असं डेंटिस्टनेच म्हणावं हे मला बरं वाटलं नाही.

मुंबईच्या डॉक्टर संधिवाताच्या निघाल्या. तोंड सुकतं म्हणून संधिवाताच्या डॉक्टरकडे कशाला, ही सासूबाईंची शंका मी घरातून निघेपर्यंत ऐकत होते. डॉक्टर वयस्क, शांत, घाई नसलेल्या होत्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, माझ्या कानांखाली बोटांनी चाचपलं, आणि कागदाच्या पाठीवर एक गोल काढला. ही लाळग्रंथीतली पेशी. पेशी मरतात, रोज मरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चांगली मरणारी पेशी स्वतःला आवरून घेते आणि आजूबाजूच्या पेशी तिला गिळून टाकतात. कुठे खूण राहत नाही. तुमच्या ग्रंथीत तसं होत नाहीये. मरणाऱ्या पेशी त्यांच्या आतलं सामान पृष्ठभागावर आणून टाकतात आणि ते वेळेवर उचललं जात नाही. शरीराच्या रक्षणाला असलेल्या पेशींनी ते कधी पाहिलेलं नसतं. त्यांना वाटतं, शत्रू आला. त्या जमतात, दाह सुरू होतो, त्या दाहात आणखी पेशी मरतात, आणखी सामान बाहेर पडतं.

हे मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. आमच्याकडे कुणाच्या घरात मयत झालं की शेजारी आधी धावतात, सगळं उरकतात, घर धुऊन देतात. माझ्या ग्रंथीत शेजारी आलेच नाहीत. पोलीस आले, आणि त्यांनी घरातल्या जिवंत माणसांनाच झोडपायला घेतलं.

"घरात कुणाला असं होतं का?" त्यांनी विचारलं. "आई, मावशी?"

नाही, असं म्हणणार होते. मग आई आठवली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. ती भाकरी पाण्याच्या वाटीत बुडवून खायची. वाटी नसेल तर जेवायला बसायची नाही. माणगावच्या घरी आम्ही सगळे तिला त्यावरून चिडवायचो, ती हसायची आणि वाटी जवळ ओढायची. मी हे डॉक्टरांना सांगितलं. आम्ही ती तिची खोड समजत होतो.

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "आता बाळाचं बोलू," त्या म्हणाल्या.

तोवर मला वाटत होतं की माझं तोंड, माझे दात, माझं काय व्हायचं ते होवो. बाळाचा त्यात संबंध असेल हे मनात आलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या रक्तात त्या शत्रूविरुद्ध जी हत्यारं तयार झालीत, त्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात. बाळाचं हृदय घडत असताना तिथल्याही काही पेशी मरत असतात, ते रीतसर असतं. पण माझ्या अँटीबॉडी तिथे जाऊन चिकटल्या तर दाह होतो आणि दाहाचा वण पडतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठोका नेणारी एक बारीक वाट असते. तिच्यावर वण पडला की वाट बंद. मग ठोके निम्म्याच्याही खाली येतात आणि पूर्ण बंद झालेली वाट पुन्हा उघडत नाही.

"बहुतेक बाळांना काही होत नाही," त्या म्हणाल्या.

बहुतेक हा शब्द मी वर्गात रोज वापरते. बहुतेक सोमवारी चाचणी होईल, बहुतेक सहल रद्द होईल. त्या खोलीत तो ऐकला आणि मी सोबत आलेल्या नवऱ्याचा हात धरला. मी उघड सांगते, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. बाहेरून कुणी काही करणार असतं तर आडवं पडता आलं असतं. इथे जे रक्त बाळाला पोसत होतं, त्याच रक्तातून ते जाणार होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मलेरियावर देतात त्याच जातीच्या. आमचा औषधवाला "ताप हाय का, मॅडम?" विचारायचा आणि मी "हो" म्हणून मोकळी व्हायचे. खरं सांगायला लागले असते तर आळीत नवा पक्ष पडला असता. दर पंधरा दिवसांनी मुंबईला जाऊन बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करायची होती. एसटीच्या लाल गाडीने अलिबाग, पुढे मांडव्याहून बोट. जाताना मी कुणाशी बोलायचे नाही. येताना बोलायचे, कारण त्या दिवसापुरती तरी वाट उघडी असायची. मग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धाकधूक.

दोन फेऱ्यांच्या मधल्या काळासाठी डॉक्टरांनी एक छोटं यंत्र दिलं होतं. पोटावर जेल लावून फिरवायचं, ठोके ऐकायचे. घोडा दौडत गेल्यासारखे भरभर आले तर ठीक. सावकाश आले तर क्षणभर थांबायचं नाही, निघायचं.

त्या दुपारी पुढच्या खोल्यांत पाहुणे होते, सुरमईची थाळी कधी मिळेल म्हणून हाका मारत होते. नवरा जेवून पडला होता. मी यंत्र लावलं आणि ठोके सावकाश आले. मी जागा बदलली. तेच. धप्प, धप्प, मध्ये जागा सोडून, म्हाताऱ्या माणसाने पायऱ्या चढाव्यात तसे. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला नेहमी 'अहो' म्हणते. त्या दिवशी किंचाळले, "अरे ऊठ! ऊठ ना रे!" सासूबाई स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊनच धावत आल्या, आणि 'अरे' त्यांना ऐकूही आलं नाही.

आमच्या जुन्या गाडीतून आम्ही अलिबागकडे निघालो. काशीदच्या वळणांवर मी यंत्र पोटावर दाबून धरलं होतं. मागे सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, झारा अजून हातात. साळावच्या पुलाच्या अलीकडे ठोके वाढायला लागले.

"वाढतायत," मी म्हणाले. "वाढतायत, ऐक!"

जितकी गाडी जोरात जाई तितके ते वाढत. माझी छाती फुटायची वेळ आली होती आणि बाळ जोर धरतंय म्हणून मला रडू येत होतं. शंभराच्या पुढे गेले असतील. अजून थोडे, अजून थोडे, असं मी पोटाला हात लावून म्हणत होते.

अलिबागच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी माझं यंत्र ऐकलं, मग माझं मनगट धरलं. थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"हे तुमचे ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "बाळाने कूस बदललीय, यंत्राला तुमची रक्तवाहिनी सापडली. म्हणून तुम्ही जसजशा घाबरलात तसे ते वाढले."

त्यांनी त्यांचं यंत्र भलत्याच बाजूला, बरगडीखाली लावलं आणि खोलीत घोडा दौडायला लागला. नवरा आधी हसला, मग भिंतीकडे तोंड करून रडला. मला हसूही आलं नाही आणि रडूही नाही. तासभर मी स्वतःचीच भीती ऐकत होते आणि तिला बाळ समजत होते. दारात सासूबाई झारा कुठे ठेवावा म्हणून बघत होत्या.

पोरगी मुंबईत झाली, वेळेवर. जन्मल्याबरोबर तिच्या छातीला तारा लावून आलेख काढला. वाट उघडी होती. तिच्या अंगात माझ्या अँटीबॉडी अजून काही महिने राहतील, हळूहळू विरतील, असं सांगून डॉक्टरांनी घरी सोडलं. निघताना म्हणाल्या, उन्हात नेऊ नका. सासूबाईंना हा सल्ला जरा बाळबोध वाटला. "लेकराला उनात कोन नेतंय?" त्या वाटेत म्हणाल्या.

आई नसल्यामुळे माझं बाळंतपण सासूबाईंनीच केलं. रोज सकाळी पोरीला खोबरेल तेलाने चोळायचं, न्हाऊ घालायचं, आणि मग मागच्या पडवीत पोफळींमधून येणाऱ्या कोवळ्या उन्हात पायांवर घेऊन बसायचं. आमच्याकडे सगळी पोरं अशीच वाढली. हाडं पक्की होतात, कावीळ उतरते. कोवळं ऊन म्हणजे ऊन नव्हे, ते तेलपाण्यासारखं बाळंतपणातलंच एक काम. मी बाजेवरून रोज ते बघायचे आणि मला बरं वाटायचं. इतिहास शिकवणारी, रिपोर्ट पाठ असलेली मी, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका सकाळी पोरीच्या डोळ्यांभोवती लाल कडी उठली. दुसऱ्या दिवशी कपाळावर आली, कडेला गडद आणि मध्ये फिकी. चष्मा घातल्यासारखी दिसत होती. दृष्ट लागली म्हणून शेजारणीने मीठ-मिरच्या ओवाळल्या, सासूबाईंनी गालाला काजळाचा टिळा लावला. मी मात्र ते बघितलं आणि ओळखलं. कुणी सांगायची गरज नव्हती. इतके महिने माझ्या रक्तातलं ते कागदावर होतं, आकड्यांत होतं. आता ते तिच्या डोळ्यांभोवती होतं.

मी फोटो पाठवला. डॉक्टरांचा लगेच फोन आला.

"उन्हात ठेवता?"

"नाही हो."

"अजिबात नाही?"

"नाही. सकाळी फक्त कोवळ्यात, पडवीत…"

"ते ऊनच आहे," डॉक्टर म्हणाल्या. रागावल्या नाहीत. ऊन लागलं की त्वचेतल्या पेशी मरतात आणि माझ्या अँटीबॉडींना जे हवं ते पृष्ठभागावर येतं, असं त्यांनी सांगितलं. चट्टे जातील. पण हृदय, यकृत, रक्त, सगळं पुन्हा तपासायचं, आजच निघा.

पुन्हा तारा, पुन्हा आलेख. त्या इवल्या छातीवर चिकटपट्ट्या बसत नव्हत्या. मी कोपऱ्यात उभी होते, कारण जवळ गेले तर माझ्यामुळे आणखी काही होईल असं मला वाटत होतं. हे वेडेपणाचं आहे हे कळत होतं तरी पाय पुढे जात नव्हते. आलेख चांगला आला.

घरी आल्यावर सासूबाईंनी मागच्या खिडक्यांना जुनी लुगडी बांधली. दिवसा घरात संध्याकाळ झाली. पोरीला मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या, जेवायला उठेनात.

"माज्या हातानं ठेवली गो मी तिला," त्या म्हणाल्या. "रोज ठेवली."

"आई, उन्हाचं निमित्त झालं. आहे ते माझ्या रक्तातलं आहे."

हे म्हटल्यावर मला हलकं वाटेल अशी कल्पना होती. तसं काही झालं नाही. त्यांनी पोरीला माझ्या मांडीवर दिलं.

चट्टे फिके होत होत गेले. पोरगी उपडी वळली, बसायला लागली, तिचं उष्टावण झालं. मग एकदा रक्त तपासायला दिलं आणि आम्ही रिपोर्ट घ्यायला मुंबईला गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"सुटलात," त्या म्हणाल्या. "हिच्या रक्तात आता तुमचं काही उरलेलं नाही."

हेच ऐकायला मी नवस बोलले होते. तरी ऐकलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पुढे कधी तिला हा आजार होईल का, असं मी विचारलं. होईलच असं नाही, त्या म्हणाल्या, पण घराण्यात असतो कधीकधी, आणि बायकांना जास्त होतो. लक्ष ठेवा. लक्ष तर मी ठेवतेच. ती जेवताना मी तिच्या घशाकडे बघत असते.

मुरुडला परतल्यावर दुसऱ्या सकाळी मासेवाली आली. पाटी पायरीवर उतरवली, हात पदराला पुसले आणि पोरीची हनुवटी धरून तिचा चेहरा इकडून तिकडून निरखला.

"आयशीवर गेलीय गो पोर," ती म्हणाली. "डिट्टो तूच!"

यावर आईने लाजून हसायचं असतं.

"नाही," मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की पोर दचकली. "बापावर गेलीय. सगळी बापावर गेलीय."

पोरीचं नाक माझं आहे, कपाळ माझं आहे, आंधळ्यालाही दिसेल. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, पोरीला माझ्या कडेवरून आपल्याकडे घेतलं आणि मासेवालीला म्हणाल्या, "व्हय, बापावरच गेलीय."